सरमेचा प्रश्न : दोष जातीचा की धन्याचा?

महाभारताचे पारायण ज्यांच्या घरी अथवा देवळात होते, त्यांना आदिपर्वाच्या आरंभीची एक लहानशी कथा आठवत असेल. परीक्षितीचा पुत्र जनमेजय कुरुक्षेत्रावर दीर्घसत्र करीत बसला होता. श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन हे त्याचे तीन भाऊ सोबत होते. यज्ञभूमीपाशी एक कुत्रा आला आणि या तिघा भावांनी त्याला बडवून हाकलून दिले. तो रडत आपल्या आईकडे गेला. ही आई म्हणजे देवशुनी सरमा. पुत्राचा आक्रोश ऐकून तिने प्रथम काय केले? तिने त्याचीच उलटतपासणी घेतली. तू तेथे काही अपराध केला असशील, म्हणूनच तुला मार बसला, असे ती म्हणाली. पोराने सांगितले, की मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तेव्हा मात्र सरमा उठली, थेट सत्राच्या ठिकाणी गेली आणि माझ्या पुत्राचा काहीही अपराध नसता त्याला का मारले, असा रोखठोक प्रश्न तिने केला. त्यावर तेथे कोणापाशीच उत्तर नव्हते. निरपराध्याला मारणाऱ्यांवर अकल्पित भय येईल, असा शाप देऊन ती निघून गेली. राजा त्या शापाने इतका अस्वस्थ झाला, की सत्र संपताच त्याच्या निवारणासाठी तो योग्य पुरोहिताच्या शोधास लागला.

एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दारातच एका कुत्रीची फिर्याद उभी आहे, ही गोष्ट सहज घडलेली नसावी. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय वकिलीचा. त्यामुळे त्याला या कथेत दंडनीतीचा पहिला पाठ दिसतो. आधी चौकशी, मग शिक्षा. आणि चौकशी करावयाची ती कृतीची, जन्माची नव्हे. कुत्रा यज्ञाजवळ दिसला म्हणजे तो विटाळ करणारच, हे जनमेजयाच्या भावांनी गृहीत धरले होते. सरमेने मात्र पोटच्या पुत्रालाही चौकशीवाचून निर्दोष मानले नाही.

हा प्रश्न आज पुन्हा विचारण्याची वेळ आली आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना एक पत्र पाठविले. पिट बुल टेरियर, रॉटवायलर, तोसा इनू, डोगो आर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो आदी २३ जातींची कुत्री मानवी जीवितास धोकादायक आहेत, सबब त्यांच्या विक्रीस, पैदाशीस व पाळण्यास परवाना देऊ नये, आणि जी आधीच घरोघर आहेत त्यांचे निर्बीजीकरण करावे, असा त्याचा आशय होता. गोव्यातही २०२५ साली याच विषयावरील विधेयक विधानसभेपुढे आले. अशा उपायांमागे लहान मुलांचे व वृद्धांचे खरोखरचे मृत्यू आहेत, हे विसरून चालणार नाही. ज्या घरातील बालक कुत्र्याच्या दाढेत सापडून गेले, त्या घराला प्राणिदयेवर प्रवचन देण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणूनच प्रश्न नीट विचारला पाहिजे. काही जाती जन्मतःच घातक असतात काय? आणि असतील वा नसतील, तर ते बालक वाचावे म्हणून कायद्याने नेमके कोणाला धरावे?

आज आपण ज्यांना कुत्र्यांच्या जाती म्हणतो, त्यांपैकी बहुतेकांची वंशावळ फार जुनी नाही. कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन इंग्लंडातील न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले आणि तेथील केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. वंशाची वही, शुद्ध रक्त, ठरावीक ठेवण हा सारा संसार त्यानंतरचा आहे. ज्या पिट बुलचे नाव आज भीतीने घेतले जाते, त्याचा उगमही याच एकोणिसाव्या शतकातला. बांधलेल्या बैलावर किंवा अस्वलावर कुत्री सोडून मौज पाहण्याचा खेळ इंग्लंडात शतकानुशतके चालत असे. १८३५ च्या कायद्याने तो बंद झाला. परंतु कायद्याने खेळ बंद होतो, खेळाची चटक जात नाही. बैलांची झुंज उघड्यावर होत असे. कुत्र्यांची आपसातील झुंज एखाद्या तळघरातही लावता येते. मग बुलडॉगची पकड आणि टेरियरची चपळाई एकत्र आणून झुंजीची कुत्री निपजविण्यात आली. झुंजीच्या हौद्याला इंग्रजीत पिट म्हणतात. त्यावरूनच हे नाव पडले. हीच कुत्री देशांतर करणाऱ्यांबरोबर अमेरिकेत गेली आणि १८९८ साली तेथील युनायटेड केनेल क्लबाने त्यांची नोंदणी सुरू केली. इंग्लंडात मागे राहिलेल्या शाखेला १९३५ साली स्टॅफर्डशायर बुल टेरियर या नावाने मान्यता मिळाली. एका खोडाच्या या दोन फांद्या वाचकांनी लक्षात ठेवाव्यात; पुढे त्यांच्या नशिबी काय आले ते पाहावयाचे आहे.

पैदाशीने काहीच साधत नाही, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. बेळगावच्या वाचकांना मुधोळ दूर नाही. घोरपडे संस्थानिकांच्या आश्रयाने नावारूपास आलेला मुधोळचा शिकारी कुत्रा सशामागे वाऱ्यासारखा धावतो. ते त्याला कोणी शाळेत शिकविलेले नसते. २००५ साली भारतीय टपाल खात्याने ज्या चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत तो होता. धावणे, राखणे, हुंगणे, पकडणे या प्रवृत्ती निवडीने तीव्र करता येतात. शरीराचे बळही रक्तातून येते. चाळीस किलो वजनाचे, रुंद जबड्याचे जनावर चावले तर जी इजा होते, ती पाच किलोच्या पामेरियनने होत नाही. येथपर्यंत बंदीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे निर्विवाद आहे. वाद आहे तो पुढील पायरीचा. बळ म्हणजे दुष्टपणा काय? आणि दुसऱ्या कुत्र्यावर तुटून पडण्याची प्रवृत्ती म्हणजे माणसावर तुटून पडण्याची प्रवृत्ती काय? जाणकार या दोन प्रवृत्ती भिन्न मानतात.

समाजाची भीती तर जातीमागून जाती बदलीत आली आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन शेफर्डला ब्रिटनमध्ये आल्सेशियन म्हणू लागले, कारण जर्मन हे नावच नकोसे झाले होते. ऑस्ट्रेलियाने १९२९ साली त्याच्या आयातीवर बंदी घातली आणि ती चार दशकांहून अधिक काळ टिकली. पुढे हाच कुत्रा जगभर पोलिसांचा सोबती झाला. त्यानंतर डोबरमनची पाळी आली, मग रॉटवायलरची, मग पिट बुलची. जी जात ज्या काळात दराऱ्यासाठी पाळली गेली, ती त्या काळात बदनाम झाली. धाक दाखविण्यासाठी कुत्रा घेणारा माणूस एक जात सोडून दुसरी धरतो. बदनामी त्याच्या पाठोपाठ नव्या जातीकडे जाते, माणूस मात्र तोच राहतो.

१९९१ च्या वसंतात इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या हल्ल्यांच्या काही भीषण घटना घडल्या, वर्तमानपत्रांनी गदारोळ केला आणि गृहमंत्री केनेथ बेकर यांनी काही आठवड्यांतच कायदा करून घेतला. २५ जुलै १९९१ रोजी त्यावर राजमुद्रा उमटली. त्याचे पहिले कलम जातीचे. पिट बुल, तोसा, डोगो आर्जेंटिनो व फिला ब्राझिलेरो हे चार प्रकार निषिद्ध ठरले. तिसरे कलम वर्तनाचे. कोणत्याही जातीचा कुत्रा सार्वजनिक जागी घातक रीतीने अनावर झाला, तर धनी अपराधी. एकाच कायद्यात दोन तत्त्वे शेजारी बसविलेली होती आणि सारी गुंतागुंत पहिल्याने केली.

कारण पिट बुल ओळखावा कसा? कायद्यात जात न म्हणता ‘प्रकार’ म्हटले होते. १९९३ साली तेथील न्यायालयाने सांगितले, की प्रकार हा शब्द जातीहून व्यापक आहे. ठरावीक वर्णनाशी कुत्रा बऱ्याच अंशी जुळला की पुरे. म्हणजे आईबाप कोण हे पाहावयाचे नाही. छातीची रुंदी, डोक्याची ठेवण, शेपटीची लांबी मोजावयाची. त्यातही पुराव्याचे ओझे उलटे ठेवलेले. सरकारपक्षाने कुत्रा निषिद्ध प्रकारचा असल्याचा आरोप केला, की तो तसा नाही हे धन्याने सिद्ध करावयाचे. आणि आता त्या दोन फांद्यांची आठवण करावी. एक फांदी गुन्हेगार ठरली. दुसरी, म्हणजे स्टॅफर्डशायर, त्याच देशात हजारो घरांत मुलांशी खेळत राहिली.

या कायद्याच्या इतिहासात डेम्प्सी नावाच्या एका पिट बुल कुत्रीचा खटला फार गाजला. १९९२ साली लंडनमध्ये तिला फिरावयास नेले असता वाटेत वांती होऊ लागली, म्हणून सोबतच्या मुलाने तिचे मुसके काढले. तेवढ्यात पोलिसांची दृष्टी गेली. ती कोणाला चावली नव्हती, कोणाच्या अंगावरही गेली नव्हती. परंतु निषिद्ध प्रकारची कुत्री सार्वजनिक जागी मुसक्याविना आढळली, एवढे कायद्याला पुरेसे होते. दया दाखविण्याचा अधिकार न्यायाधीशाला ठेवलेलाच नव्हता. मृत्युदंड अनिवार्य होता. तीन वर्षे ती कुत्री कोंडून ठेवलेल्या स्थितीत होती आणि अपिलांवर अपिले चालली होती. अखेर १९९५ साली ती सुटली, ती निरपराध म्हणून नव्हे, तर मूळ सुनावणीची सूचना मालकिणीला मिळाली नव्हती या तांत्रिक मुद्द्यावर. १९९७ साली पार्लमेंटला कायदा दुरुस्त करून न्यायाधीशांच्या हाती विवेक परत द्यावा लागला.

एवढे करून चावे थांबले काय? इंग्लंडमध्ये कुत्रा चावल्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १९९८ साली लाखामागे सुमारे ६ होते, ते २०१८ साली सुमारे १५ झाले. वाढीची कारणे अनेक असतील. पण बंदीने लोक सुरक्षित झाले, हे तरी या आकड्यांवरून म्हणता येत नाही. नेदरलँड्सने १९९३ साली असाच जातिनिहाय नियम केला आणि चावे कमी होत नाहीत असे पाहून दीड दशकानंतर तो मागे घेतला. इटलीने २००३ साली केलेली लांबलचक यादी २००९ साली रद्द केली. उलट ब्रिटनने २०२३ च्या अखेरीस एक्सएल बुली हा पाचवा प्रकार यादीत घातला, कारण त्या काही वर्षांत त्याने घेतलेले बळी नजरेआड करण्यासारखे नव्हते. बत्तीस वर्षांपूर्वीच्या यादीत ज्याचे नाव नव्हते, असा कुत्रा आता सर्वांत भयंकर ठरला. यादी नेहमी मागच्या संकटाची असते. पुढचे संकट यादीबाहेर वाढत असते.

शास्त्रज्ञांची साक्षही काढली पाहिजे आणि दोन्ही पक्षांची काढली पाहिजे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत, १९७९ ते १९९८ या वीस वर्षांतील ज्या २३८ मृत्यूंबाबत कुत्र्याची जात नोंदलेली होती, त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यूंत पिट बुल प्रकारची कुत्री व रॉटवायलर आढळले. ही साक्ष वजनदार आहे. मात्र त्याच पाहणीत किमान पंचवीस जातींची नावे होती. २०१३ साली दुसरी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्या कर्त्यांनी २००० ते २००९ मधील २५६ मृत्यूंची, केवळ वर्तमानपत्रांवर न विसंबता, पोलिसांकडे व इतर तपास अधिकाऱ्यांकडे कसून चौकशी केली. त्यांना काय आढळले? ८७ टक्के प्रकरणांत मदतीला धावू शकेल असे धडधाकट माणूस जवळ नव्हते. ८५ टक्क्यांत बळी पडलेल्याची व कुत्र्याची ओळखदेख नव्हती किंवा जुजबीच होती. ८४ टक्क्यांत कुत्र्याचे निर्बीजीकरण केलेले नव्हते. आणि कुत्र्याची जात खात्रीपूर्वक ठरविता आली ती जेमतेम १८ टक्के प्रकरणांत! ज्या साक्षीदाराला आरोपीची ओळखच पटत नाही, त्याच्या साक्षीवर आम्ही वकील कोणाला दोषी ठरवू देणार नाही. पुढे २०२२ साली अठरा हजारांवर कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुके ताडून पाहण्यात आली. एका कुत्र्याचे वर्तन दुसऱ्याहून का वेगळे, याचा केवळ ९ टक्क्यांच्या आसपास उलगडा जातीवरून झाला. आणि कुत्रा कितपत लवकर चवताळतो, या बाबतीत जातीचा उपयोग जवळजवळ झालाच नाही.

या सर्वांचा निष्कर्ष एवढाच, की बळ जातीत असते, परंतु धोका परिस्थितीत असतो. अष्टौप्रहर साखळीला बांधलेला, माणसांची सवय नसलेला, उपाशी वा पिसाळलेला कुत्रा आणि त्याच्याजवळ एकटे सोडलेले मूल, ही परिस्थिती कोणत्याही जातीच्या कुत्र्याला मृत्यूचे रूप देते. बलिष्ठ कुत्रा असेल तर ती अधिक भीषण होते. म्हणून त्याच्या धन्याचे कर्तव्यही त्या प्रमाणात वाढते.

आपल्या धर्मशास्त्राने हाच मार्ग धरला होता. कौटिल्याने आणि याज्ञवल्क्याने शिंगांच्या व दाढांच्या जनावरांविषयी नियम सांगितला आहे. जनावर एखाद्यावर उठले आणि सोडविण्याची शक्ती असूनही धन्याने त्याला सोडविले नाही, तर धन्याला पहिल्या प्रतीचा साहसदंड. संकटातील माणसाने हाक मारली असूनही तो स्वस्थ राहिला, तर दुप्पट दंड. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात; हैदराबादच्या वाचकांना ते घरचेच गाव. या नियमात जातींची यादी नाही. शिंग आणि दाढ हे जनावराचे बळ. त्या बळाचा हिशेब धन्याकडे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम २८९ याच धर्तीचे होते. आपल्या ताब्यातील जनावरापासून मानवी जीवितास संभवणाऱ्या धोक्याचा बंदोबस्त जाणूनबुजून वा हयगयीने न करणारा मनुष्य त्याखाली अपराधी ठरे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तेच तत्त्व कलम २९१ म्हणून आले. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा होता आणि आहे. वाण आहे ती त्याच्या अंमलबजावणीची.

परंतु आपल्या परंपरेचे गोडवे गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. साखळीच्या दत्तवाडीत हात जोडताना आपण दत्तात्रेयांच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांना चार वेद मानतो; खंडोबाच्या आणि काळभैरवाच्या मूर्तीजवळही कुत्रा असतो. त्याच परंपरेत श्वपच हा शब्द माणसांना लावला गेला आणि मनुस्मृतीने त्यांना गावाबाहेर ठेवून कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन ठरविले. जन्मावरून दोष ठरविण्याची सवय आपल्याला इंग्रजांनी लावलेली नाही. इंग्रजांनी तिला कायद्याची कलमे दिली, एवढेच.

ती कशी दिली, याचा एक विलक्षण योगायोग आहे. १८७१ साली इंग्लंडमध्ये कुत्र्यांविषयी एक कायदा झाला. अमुक कुत्रा घातक असून आवरलेला नाही अशी तक्रार आली, तर दंडाधिकाऱ्याने ती ऐकावी आणि त्याला आवरण्याचा अथवा मारण्याचा हुकूम द्यावा. प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र चौकशी, जात अप्रस्तुत. त्याच १८७१ साली, काही महिन्यांच्या अंतराने, त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की तीत जन्मलेला प्रत्येक मनुष्य पोलिसांच्या नोंदवहीत गेला, हजेरीला बांधला गेला. आणि त्या जाहीरनाम्याची वैधता कोणत्याही न्यायालयाने तपासावयाची नाही, अशी तरतूद झाली. १९११ च्या कायद्याने हे जाळे मुंबई इलाख्यावर पसरले. सोलापुरास व हुबळीस तारेच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. माणसाची आणि कुत्र्याची तुलना येथे करावयाची नाही. ती करणे त्या जमातींचा दुसऱ्यांदा अपमान होईल. सांगावयाचे ते एवढेच, की लंडनच्या कुत्र्याला जी सुनावणी मिळत होती, ती या देशातील लाखो माणसांना नाकारली गेली होती. जन्मावरून दोष ठरविणारा कायदा कोणाविषयीही असो, त्याची वाट आपल्या ओळखीची आहे.

२०२४ च्या त्या केंद्रीय पत्राचे पुढे काय झाले? कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेताच ते काढले होते, हा त्यातील मुख्य दोष होता. रीतसर विचारविनिमय करून नव्याने निर्णय घेण्यास सरकारला मोकळीक ठेवण्यात आली. म्हणजे सरमेने जे विचारले होते, तेच न्यायालयाने विचारले: चौकशी झाली काय?

मग बालकांचे रक्षण व्हावयाचे कसे? याचे एक उत्तर गोव्यानेच देऊन ठेवले आहे. तेथे गेल्या दशकात रेबीजविरुद्ध मोहीम झाली, ती जात पाहून नव्हे. वाड्यावाड्यांतून, मासळीबाजारातून, देवळांच्या प्रांगणातून फिरणाऱ्या कुत्र्यांना वर्षानुवर्षे लस टोचण्यात आली आणि शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे हे शिकविण्यात आले. २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. लस, निर्बीजीकरण, नोंदणी, पट्टा, बलिष्ठ कुत्र्याला रस्त्यावर मुसके, आणि हयगय करणाऱ्या धन्याला न चुकता दंड. हे उपाय नीरस आहेत, त्यांना वर्तमानपत्रांत मथळा मिळत नाही. परंतु मुले वाचतात ती यांनीच. बंदीची यादी काढणे सोपे, कारण यादीला प्रत्येक धन्याच्या दारात जावे लागत नाही.

जनमेजयाच्या भावांनाही तोच सोपा मार्ग वाटला होता. यज्ञाचे रक्षण करावयास ते बसले होते; राखण करणे चूक नव्हते. चूक झाली ती एवढीच, की कुत्र्याने हविर्द्रव्याला तोंड लावले की नाही, हे त्यांनी पाहिले नाही. आपल्या देवळाच्या पायरीवर उन्हात पसरलेल्या कुत्र्याला उद्या कोणी काठी उगारील, तेव्हा त्याची जात विचारू नये. त्याने काय केले ते विचारावे. तो पाळलेला असेल तर त्याचा धनी कोण, हेही विचारावे, आणि धन्याला पुढे बोलवावे.